पाणी प्यायलेला चिरा

वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना संपली, सगळे उठले आणि आई चटईवरच बसून राहिली. गुडघ्यांनी तिला साफ नाही म्हटलं होतं. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं, तर ती वर यायच्या ऐवजी मीच खाली आले. शेवटी कमिटीतल्या दोघांनी तिला तांदळाच्या पोत्यासारखं दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.  घरी पायरीवर चपला काढताना ती म्हणाली, "आता माला विहारात नेव नको."

रत्नागिरीत आम्ही दोघीच राहतो. मी शाळेत क्लार्क, पन्नाशी ओलांडलेली. आई ऐंशीच्या घरातली. विहार कुडाचा होता तेव्हापासून ती बायकांच्या पहिल्या रांगेत खाली बसून गाथा सांगत आलेली. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, पण "खुर्ची पावण्यांना" हे तिचं ठरलेलं. आषाढ पौर्णिमेला वर्षावास बसतो आणि पुढे तीन महिने संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं. ते तिनं कधी चुकवलं नव्हतं. आता मला तिला उचलता येत नाही म्हणून ती घरी बसणार होती. मला भयंकर राग आला. आईचा नाही, माझ्या हातांचा.

मुंबईला असलेली भाची जिममध्ये जाते. तिला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "मावशी, आधी खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखव." मला हसू आलं. जन्मभर उठत-बसतच तर आलेय! खुर्ची ओढली, हात छातीशी बांधले आणि बसले ती बसलेच. मांड्या थरथरल्या, पण बूड काही हलेना. इतकी वर्षं मी हातांनी टेबल ढकलून उठत होते आणि त्याचा मला पत्ताच नव्हता.

"म्हणजे आजीच्या आधी तुलाच उचलायला हवं," भाची म्हणाली.

मग रोज सकाळी, चहा उकळेपर्यंत, पडवीत खुर्चीवरून ऊठ-बस. पहिल्या आठवड्यात शाळेचा जिना उतरताना कठड्याला लोंबकळत उतरले. सगळ्यांना वाटलं, मी पडले. ऊठ-बस जमू लागली तशी भाचीनं कळशी धरायला लावली. आधी रिकामी, मग तळाशी थोडं पाणी, मग आणखी. वजन वाढवायची ही सोय घरातच होती, त्याचं मला फार कौतुक वाटलं. आई खाटेवरून बघायची. "पोरीनं डोकं फिरवलंन तुझं. पाणी भरायचं सोडून कळशीला काय खेळवतेस?"

कळशी भरली, तेव्हा मी कंपाउंडच्या भिंतीतून उरलेला जांभ्याचा अर्धा चिरा पडवीच्या कडेला आणून ठेवला. आणला म्हणजे ढकलत आणला. पाय फाकवून उभं राहायचं, पाठ सरळ, चिरा अंगाजवळ, जोर मांड्यांचा. भाचीचा हा मंत्र म्हणत, बऱ्याच दिवसांच्या खटाटोपानंतर तो एकदा जमिनीवरून सुटला. टीचभरच. पण मी जिवंत माणसासारखी ओरडले! माझ्या या अंगात, ज्याला मी नुसतं साड्या नेसवत आणि गोळ्या देत आले होते, असं काहीतरी इतकी वर्षं झोपून होतं. मला माझ्याच पायांचं दडपण आल्यासारखं झालं.

तोवर वर्षावास सुरू झाला होता. संध्याकाळी विहारातल्या माइकवरून वाचन ऐकू यायचं आणि आई खाटेवर बसून ओठ हलवायची. मी जिवाच्या आकांतानं चिरा उचलायचे, पण श्रावण सरला, भादवा आला, तरी तो गुडघ्याच्या वर येईना. उलट रोज जडच वाटायचा. भाची म्हणाली, प्रगती अशीच अडते. मला वाटलं, माझं वयच अडलंय. एकदा रडलेही.

मग पाऊस सरला. आश्विनातलं ऊन पडवीत चार-सहा दिवस तापलं आणि एका सकाळी चिरा उचलला तो थेट माझ्या छातीशी आला. मीच दचकले. खाली ठेवला, हात लावला. कोरडा, कढत, हलका. जांभा पाणी पितो हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात आमच्या भिंतीही घामेजतात. पण पागोळ्यांखाली ठेवलेला चिराही पीत असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाढवत होता तो वजन, आणि मी त्याच्या मागोमाग वाढत होते. मी त्याच्यापुढे खरोखर हात जोडले.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता. आईला म्हटलं, "चल. खाली बस. उठवायची जबाबदारी माझी." तिनं कपाटातलं पांढरं पातळ मागितलं.

ती पहिल्या रांगेत बसली. गाथेत तिचा आवाज आधी कापला, मग लागला. वंदना संपली. कमिटीतले दोघे पुढे येऊ लागले, त्यांना मी हातानं थांबवलं. पाय फाकवले, पाठ सरळ, आईला अंगाजवळ घेतलं आणि चिऱ्याचा सगळा जोर लावला. आई अशी वर आली की तिचे पाय क्षणभर चटईवरून सुटलेच. सगळ्या बायका हसल्या.

"अगो हळू!" आई ओरडली. "मी काय चिरा हाय?"

मला हसता येईना. आई इतकी हलकी कधी झाली? माझी ताकद किती आणि तिचं झिजणं किती, हे मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही. मी तिला धरून तशीच उभी राहिले.

ती मात्र माझा दंड बोटांनी दाबून बघत होती, बाजारात नारळ बघावा तसा. मग पदर सारखा करत म्हणाली, "पुढल्या वर्षावासाला पयल्या दिवसापास्नं येव."