आधी पोट दाखवा

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ कॅमेरे दुरुस्त करणारे चाचा समोर आलेल्या कॅमेऱ्याची लेन्स कधीच आधी बघत नसत. ते कॅमेरा उलटा करत, चष्मा कपाळावर सरकवून तळ डोळ्यांजवळ नेत आणि तिथला सीरियल नंबर एकेक अंक सुटा करून मोठ्याने वाचत. मग तोच नंबर खोक्यावर आणि बिलावर शोधत. तिन्ही ठिकाणी जुळला, तरच काय बिघडलंय ते विचारत. गिऱ्हाईक लेन्स पुढे करू लागलं की म्हणत, "तोंड मागनं. आधी पोट दाखवा." तालुक्यातले फोटोग्राफर त्यांना नंबरचाचा म्हणत. समोर मात्र फक्त चाचा.

दुकान जेमतेम सहा फूट रुंद होतं. बाकड्यावर पांढरं फडकं, त्यावर स्क्रू ठेवायला औषधाच्या बाटल्यांची झाकणं, आणि नेलपॉलिशची एक लाल बाटली. ज्या स्क्रूला हात लावला, त्यावर चाचा काडीच्या टोकाने लाल ठिपका द्यायचे. कॅमेरा पुन्हा आला की आपण काय उघडलं होतं ते त्यांना कळे. पावती ते देत नसत. सही तर कशावरच करत नसत. एकदा तळेगाव ढमढेऱ्याचा एक लग्नाचे फोटो काढणारा म्हणाला, "चाचा, सही येती ना तुम्हाला? का अंगठा?"

"येती की. येती म्हणूनच करत न्हाई," चाचा म्हणाले. दुकानातले सगळे हसले. चाचा हसले नाहीत.

मी तेव्हा एका दैनिकाचा शिरूर तालुक्याचा वार्ताहर होतो. जिल्हा कार्यालयाने कळवलं होतं, की यापुढे बातमीसोबत छापण्याजोगा फोटो हवा. ज्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा नसेल त्याच्या जागी दुसरा माणूस नेमला जाईल. मी दौंडला स्टेशनजवळच्या एका दुकानातून कॅमेरा घेतला. तो बाजारभावापेक्षा बराच स्वस्त होता. दुकानदाराने दोन कॅमेरे आणि त्यांची वॉरंटी कार्डं समोर ठेवून सांगितलं, की महागाला इंडिया वॉरंटी आणि स्वस्ताला इंटरनॅशनल. मला आश्चर्य वाटलं. इंटरनॅशनल म्हणजे इंडियापेक्षा मोठं, असा हिशेब मी केला आणि तोच उचलला. पुढे कळलं, की आमच्या भागात निम्म्या लोकांनी हाच हिशेब केला होता.

कौतुक करून घ्यायला खोकं घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी नंबर वाचला आणि खोकं चारही बाजूंनी फिरवलं.

"पत्रकार, ह्यावर आणणाऱ्याचं नाव कुठं हाय?"

"म्हणजे?"

"बाहेरदेशचा माल इथं कुणी आणला, त्याचं नाव, पत्ता, किंमत खोक्यावर छापील लागती. हितं काहीच न्हाई. कॅमेरा खोटा न्हाई, अस्सल हाय. पण मागल्या दारानं आलाय. कंपनी ह्याला वळखायची न्हाई."

"इंटरनॅशनल वॉरंटी आहे, चाचा."

"ज्या देशात विकायला बनवला, तिथं आसंल. तिथं जाणार का तुम्ही?"

मी विचारलं, मग चालेल ना? चाचा म्हणाले, "चालतोय तवर चालंल." त्या दिवसापासून मला नीट झोप लागली नाही.

दुकानदाराने दिलेली पावती कच्ची होती. तिच्यावर कॅमेऱ्याचा नंबर नव्हता. चाचांनी मला दुसऱ्याच दिवशी दौंडला परत पाठवलं. "आत्ता जावा. कॅमेरा चालू हाय तवर दुकानदार मामा आसतो. बंद पडला की वळख देत न्हाई. पक्कं बिल मागा, त्यावर ह्यो नंबर मागा, आन् वर्षभराची दुकानाची वॉरंटी त्याच्याच हातानं लिहून घ्या." मी गेलो. दुकानदाराने चहा पाजला आणि हसत सगळं लिहून दिलं. शिक्काही मारला.

त्यानंतरचे दहा महिने मी कॅमेरा बाळगला, वापरला असं म्हणता येणार नाही. ट्रॅक्टर दिसला की धुळीच्या भीतीने तो पिशवीत जाई. फोटो बहुतेक मोबाइलवरच काढत होतो. खंडेनवमीला चाचांच्या दुकानात पूजेत ठेवला, तर वरून कुंकू आत जाईल म्हणून मी तो पालथा घालून तळाला कुंकवाचं बोट टेकवलं. चाचांनी ते पाहिलं आणि स्पिरिटचा बोळा घेऊन हळूहळू पुसत बसले. "नंबर बुजवला तर बिल कशाशी जुळवायचं? देवाला कळतंय हो, ग्राहक आयोगाला न्हाई कळत." मग म्हणाले, "एवढं भिऊ नका. न वापरलेलं यंत्र लवकर बिघडतं." हे सांगणारा माणूस स्वतः कशाला भितो, हे मला अजून माहीत नव्हतं.

केंदूरजवळ उसाच्या फडात वन विभागाने लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला, त्या सकाळी कॅमेरा मेला. मी पिंजऱ्यापासून दहा फुटांवर होतो. बिबट्या गजांवर धडका देत होता आणि माणसं मागे पळत होती. मी बटण दाबलं, आत काहीतरी कचकलं, आणि पडद्यावर शटर बिघडल्याची सूचना आली. चालू-बंद करून पाहिलं, बॅटरी काढून घातली, तरी सूचना जाईना. लोक ओरडत होते, "पत्रकार, मागं सरा!" मी सरलो नाही, कारण माझं बिबट्याकडे लक्षच नव्हतं. मोबाइल आठवेपर्यंत पिंजऱ्यावर ताडपत्री पडली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात सोडून सगळीकडे फोटो होता. कार्यालयातून फोन आला, आठ दिवसांत व्यवस्था करा, नाहीतर आम्ही करतो.

पुण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी नंबर संगणकात टाकला आणि कॅमेरा परत दिला. हा भारतात विकलेला नाही, वॉरंटी लागू नाही. दौंडच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही लोकल मेकॅनिककडं उघडलाय तो. शिरूरचा कुणी चाचा हाय ना? त्याच्याकडनं सही करून आणा की उघडला न्हाई म्हणून. मग बघू." सही मिळणार नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

मी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी कॅमेरा उलटा केला, पण नंबर वाचला नाही. तो फडक्यावर ठेवला आणि आपण सही का करत नाही, ती हकीकत पहिल्यांदा सांगितली.

पूर्वी ते सही करून पावती देत. एक अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन आला. चाचांनी दुरुस्त केला, नंबर पाहिला नाही, पावती दिली. तो कॅमेरा दौंडच्या एका स्टुडिओतून चोरलेला निघाला. कॅमेऱ्याच्या पिशवीत चाचांची पावती सापडली, पावतीवर सही होती. चाचांना दौंडच्या पोलीस ठाण्यात बोलावलं. "दोन दिवस बाकड्यावर बसवलं. कुणी बोट लावलं न्हाई, शिवी दिली न्हाई. कुणी बोललंच न्हाई, पत्रकार. येणारा जाणारा बघायचा. वळखीचं लोक बघायचं आन् मान फिरवायचं. तिसऱ्या दिवशी जबाब घेतला आन् जावा म्हणले. तवापासनं दौंडला गेलो न्हाई. सही केली न्हाई."

मी काही मागितलं नाही. चाचा म्हणाले, "सही करायला मला नका सांगू. मला जमायचं न्हाई." मी कॅमेरा उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच दौंडची गाडी धरायला स्टँडवर गेलो. चाचा आधीच खिडकीशी बसलेले होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा. बिल घेतलंय न्हवं?" भीमेच्या पुलावर त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरली, ती दौंड स्टँड येईपर्यंत सोडली नाही.

दुकानदाराने या वेळी चहा विचारला नाही. "कंपनीकडं जावा की. मी काय कारखाना काढलाय?"

चाचा म्हणाले, "कंपनीशी आमचं काय न्हाई. ज्यानं हातात दिलं, त्याचा हात धरायचा. बिल तुमचं, शिक्का तुमचा, वर्ष संपलं न्हाई."

"उघडलाय हो तुम्ही."

चाचांनी पिशवीतून भिंग काढलं आणि कॅमेरा पालथा ठेवला. "बघा. उघडलेल्या स्क्रूची खाच घासती. एक तरी घासलेली दाखवा. माझा लाल ठिपका दाखवा." दुकानदाराने भिंगाला हात लावला नाही. मी सांगितलं, की पुण्याला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि बिलावर नंबर आहे.

"मग द्या ना लिहून," तो चाचांना म्हणाला. "तुमच्या सहीनं द्या."

त्याला वाटलं, गोष्ट इथे संपली. चाचांनी कागद मागितला. कॅमेरा आपण उघडलेला नाही आणि बिघाड आतला आहे, अशा दोन ओळी लिहिल्या. खाली नंबर लिहिला, प्रत्येक अंक मोठ्याने वाचत. मग पेन कागदावर टेकवून थांबले. त्यांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला होता. रस्त्यावरून एक पोलीस मोटारसायकलवरून गेला, तेव्हा पेन उचललं गेलं. पुन्हा टेकलं. सही झाली. अक्षर सुबक होतं.

बाहेर पायरीवर आल्यावर त्यांनी भिंग पिशवीत टाकलं. मी म्हणालो, बसा जरा. "न्हाई, न्हाई. आधी गाव सोडू." पुलापलीकडे गेल्यावरच ते पाणी प्याले. पुढे महिनाभर शिरूरच्या त्यांच्या दुकानासमोर गाडी थांबली की ते दचकून बघत. सही झाल्यावर तिसऱ्याच दिवशी दौंडच्या दुकानदाराकडून मला दुसरा कॅमेरा मिळाला. खोक्यावर आणणाऱ्याचं नाव, पत्ता, किंमत, सगळं छापील होतं. माझी जागा राहिली.

काही वर्षांनी चाचांची नजर गेली आणि दुकान बंद झालं. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी कॅमेरा मागितला, उलटा केला आणि तळावरून अंगठा फिरवला. "वाचा." मी वाचला. ते मान हलवत राहिले आणि मग स्वतःच एक नंबर म्हणाले. "चार, शून्य, सात, सात, एक, नऊ, दोन."

"हा माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचा नाही, चाचा."

"तुमचा न्हाईच. दौंडला जबाबात वाचून दाखवला होता तो. त्याचंच पोट तेवढं बघायचं राहिलं होतं."

चाचा मागच्या उन्हाळ्यात गेले. तो नंबर मी टिपून घेतला नव्हता. तसं करण्याचं धाडस झालं नाही. तरी पाठ आहे. नवी वस्तू हातात आली, की मी ती आधी उलटी करतो, आणि आकडे वाचण्यापूर्वी क्षणभर भीती वाटते, की तेच सात अंक निघतील.