घरटी एक माणूस

जव्हारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला एकच सांगतात, "काका, चाला." साखर वाढली, चाला. पाय सुजले, चाला. गोळ्यांची पिशवी मात्र फुगतच चाललीय, आणि पेन्शनचा मोठा लचका तीच तोडते. अहो, चालायला मी कुठं नाही म्हणतोय! पण आमच्या गावात कचेरीतला माणूस पायी दिसला की लोकांना बघवत नाही. हनुमान पॉइंटकडं निघालो की मागून कुणीतरी मोटरसायकल थांबवतंच. "भाऊसाहेब, गाडी बिघडली का? बसा, सोडतो." नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, म्हणून बसतो. मग घरी येऊन पुन्हा बसतो. बायको होती तेव्हा निदान भांडून तरी उठवायची. आता दिवसभर टीव्ही बडबडतो आणि मी ऐकतो.

नोकरी सगळी खुर्चीतच गेली. पाणी शिपाई आणायचा, फाईल शिपाई न्यायचा, आणि मला त्याचा केवढा तोरा! मूळ गावी, खोडाळ्याला, घरचे लोकही मोठ्या कौतुकानं सांगायचे, आमच्या माणसाला चिखलात उतरावं लागत नाही.

खोडाळ्याला आमची भाताची खाचरं आहेत. आवणीला, म्हणजे रोपं लावायला, तिथं घरटी एक माणूस निघतो. आज सगळे मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्या घरचं कुणी उतरत नाही त्या घरासाठी कोण कशाला वाकेल? आणि मजूर लावावेत तर मजुरी पिकाच्या वर जाते. भाऊ होता तोवर तो उतरायचा, तो गेल्यावर वहिनी. यंदा वहिनी कायमची लेकीकडं नाशिकला गेली. जाताना फोनवर म्हणाली, "भाऊजी, आता घरचं माणूस तुम्हीच. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणालो. ऐट कुठं जाते! खरं तर मला फार आनंद झाला होता. किती दिवसांनी कुणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं.

पहिली पाळी आमच्याच खाचराची होती. पॅन्ट गुडघ्यावर दुमडून उतरलो. रोपांची जुडी हातात घेतली, वाकलो, चार काड्या रोवल्या असतील नसतील, छाती भात्यासारखी धपापायला लागली. गुडघ्यातून कळ आली आणि मी मटकन चिखलातच बसलो. उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून बांधावर काढलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर मीही हसलो असतो, दोन शिव्या घातल्या असत्या, बरं वाटलं असतं. एकीनं धावत जाऊन घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि पदरानं पुसली. "बसा भाऊसाहेब. तुम्हाला कुठं सवय आहे?"

बसलो. माझ्याहून वयानं मोठी असलेली शेजारची म्हातारी मधे, बाकीचे तिच्या दोन्ही बाजूंना, ओणव्यानं मागं सरकत आमचं खाचर लावत होते. संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं झालं.

मग बांधावर जेवणं झाली. नागलीची भाकरी, सुकटीचं कालवण. जेवता जेवता म्हातारीनं रिवाजाप्रमाणं दुसऱ्या दिवसाची माणसं ठरवायला घेतली. "उद्या आमच्याकडं. तू ये. तू सुनेला धाड. तू ये गं, उशीर करू नको." एकेकाकडं बोट करत ती माझ्यापर्यंत आली आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "तुम्ही पोटभर जेवा, भाऊ."

बोट पुढच्याकडं गेलं.

"उद्या मीही येतो की," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

"या ना, या!" सगळे एकदम म्हणाले, अगदी मनापासून. "गप्पा मारायला या. खुर्ची ठेवू आम्ही."

वाढलेली भाकरी मी ताटाच्या कडेला सारली. मला त्यांचा राग आला, आणि राग यावा असं त्यांनी काहीच केलं नव्हतं.