भिंगावरची विभूती

उमरग्याहून निघालेली बस महाराष्ट्राची सीमा ओलांडते तेव्हा भूमीत काहीच बदल होत नाही. तीच काळी माती, तीच फुलोऱ्यावर आलेली तूर. केवळ दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे कानडी, गोलाकार होतात. मांडीवरच्या पिशवीत मी एक रबरी फुंकणी, मऊ कुंचला आणि कापूस जपून नेत होतो. खजुरीच्या लेकरांना दुर्बिणीतून शनी दाखवायला चाललो आहे, असे मी शेजारच्या गृहस्थांना सांगितले.

"लोकं शनीला भिऊन पळायल्यात, अन् तुमी त्याला भेटायला जायलाव?" ते मोठ्याने हसले. "सांभाळून, काका. घरापतोर यायचा मागं मागं!"

मीही हसलो. शनिवारचा उपवास मी आजही करतो, हे मात्र बोललो नाही.

बसवराज माझा विद्यार्थी. लातूरला माझ्याकडे संस्कृत शिकला आणि आपल्या गावी, खजुरीला, मास्तर झाला. नक्षत्रांची नावे त्याने माझ्याकडून घेतली. दुर्बिणीला डोळा कसा लावावा, हे मला त्याने शिकवले. गेल्या उन्हाळ्यात हृदयविकाराने तो गेला. त्याची पत्नी सुवर्णा परवा फोनवर म्हणाली, "सर, सृष्टीनं शनीचा हट्ट धरलाय. दुर्बिणीतून समदं पांढरंच दिसायलंय. तुमीच या."

सृष्टी त्याची मुलगी, नऊ वर्षांची. बसवराज गावातल्या मुलांना माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) आकाश दाखवी, तेव्हा त्याचा नियम असे की घरचे लेकरू शेवटी. तिची पाळी येईतो कधी ढग येत, कधी शनी लिंबाच्या झाडाआड जाई. "उद्या नक्की," असे तो म्हणे. तो उद्या आलाच नाही.

दुपारी घरी पोहोचलो. बसवराजाच्या आईने, गंगव्वाने, कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) वाढली. जेवण होताच सृष्टीने मला दुर्बिणीकडे नेले. पुढच्या मोठ्या भिंगावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढलेले होते.

"खंडेनवमीला म्या लावली," गंगव्वा दारातून म्हणाली. "शेतकऱ्याचा नांगर पूजत्यात. मास्तराचं हत्यार हेच, व्हय की न्हाई?"

"आज्जी, पुसल्याबिगर दिसंना की!"

"गप बस." मग ती माझ्याकडे वळली. या घराण्यात दहन नसते. देहाला बसवून, विभूती लावून समाधी देतात. "माती देताना त्याच्या कपाळाला लावली, सर. आता ते कपाळ कुठनं आणू? म्हणून ह्याला लावली."

पिशवीतून काढलेली फुंकणी मी पुन्हा आत ठेवली. शेवटी तीच जवळ आली. "पुसा. पण माझ्या म्होरं पुसा." आणि पदर घेऊन स्वतःच पुसायला वाकली.

मी तिचा हात धरला. "घासू नका, गंगव्वा. राखेचा कण काचेवर ओरखडा काढतो." आधी फुंकणीने वारा घातला, मग कुंचला हलकेच फिरवला, राहिलेला डाग किंचित ओल्या कापसाने टिपला. खाली झरणारी राख तिने तळहातावर झेलली आणि नातीच्या कपाळाला लावली.

उजेड होता तोवर दुर्बीण माळवदावर नेऊन दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली. वरची छोटी शोधक नळी आणि मोठी नळी, दोहोंत टाकीचा एकच काठ मधोमध दिसला पाहिजे. नवशिक्याने हे काम दिवसाच करावे. अंधारात तारा शोधताना नळ्या जुळवू गेल्यास पदरी केवळ निराशा येते. हा पाठही बसवराजाचाच.

दिवेलागणीला मुले जमली. न सांगताच सर्वांनी हात पाठीमागे बांधले. नळीला बोट लागले तरी ग्रह थरथरतो, हे त्यांना मास्तरांनी शिकवले होते. शनी आग्नेयेस बराच वर आला होता. तो नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, घेऊन मी बाजूला झालो.

"आज सृष्टी पयली," शेजारची अंबिका म्हणाली.

"अप्पाचा नियम हाय. मी शेवटी."

"मास्तर असते तर असता नियम." बोलून गेल्यावर अंबिकेने जीभ चावली आणि सृष्टीला पुढे ढकलले.

सृष्टी वाकली. बसवराजाचा दुसरा नियम असा, की काय दिसणार ते आधी सांगायचे नाही, पाहणाऱ्याने सांगायचे. शनीचे कडे यंदा आपल्याकडे धारेने वळलेले आहे, म्हणून रुंद दिसत नाही, हे सांगण्याचा मोह मी आवरला. पोरीचा विरस होणार, असेच मला वाटत होते.

"बारका गोल हाय. त्याच्यावर आडवी रेघ हाय." ती थांबली. "आज्जी... ह्यानंबी विभूती लावलीया."

गंगव्वा जिन्यापाशी पाठ करून बसली होती. ती उठली, लेकरांसारखे हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहू लागली. दुर्बीण जराही हलली नाही.

"एकच पट्टा हाय," ती अखेर म्हणाली. "कुणाच्या हातची आसंल रं, बाळा?"

हे 'बाळा' नातीला नव्हते; कोणाला, ते माळवदावरच्या प्रत्येकाला समजले. कड्याची हकिकत मी दुसऱ्या सकाळी सांगितली.

"मग ते मोठं कवा दिसंल?" सृष्टीने विचारले.

"वर्षावर्षाने थोडे थोडे उघडेल."

"तवा तुमी येताव का?"

माझे वय तिला ठाऊक नव्हते. वचन दिले नाही. फुंकणी आणि कुंचला तिच्या हाती ठेवले. पुढच्या खंडेनवमीला विभूती नळीला लावावी, काचेला नको, असे निघताना सुवर्णेला सांगितले. "सांगून बघते," ती डोळे पुसत म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मांडीवर रिकामी पिशवी होती. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. स्नान करून देवापुढे बसलो. भस्म लावताना हात नित्याप्रमाणे तीन पट्टे ओढू गेला, आणि एकावरच थांबला.