शेठच्या माशासाठी प्रार्थना

पनवेलमध्ये मान वर करून चालू नये. खाली खड्डा असतो आणि वर कोणाचा तरी वाढदिवस. खड्ड्यांशी माझा संबंध नाही, पण वरचे वाढदिवस बरेचसे माझेच. म्हणजे फ्लेक्स मी केलेले. गेली कित्येक वर्षं मी माणसांना गोरं करते, त्यांच्या हनुवट्या कमी करते आणि मागे उगवता सूर्य लावते. एका भावी नगरसेवकाला मी इतका देखणा केला, की त्याच्या सख्ख्या आईने फ्लेक्सखाली उभं राहून विचारलं, "हा कोणाचा गो पोरगा? चांगल्या घरचा दिसतंय."

तर अशी मी डिझायनर. आठवड्यातले सहा दिवस संगणकाची आणि सातवा प्रभूचा. रविवारी सकाळी मी चर्चच्या गायनात दुसऱ्या ओळीत उभी राहून खालच्या पट्टीत गाते. माझ्या आवाजाने चर्चच्या आवारातले कावळे कळंबोलीला स्थलांतरित झाले, असं लोक म्हणतात. मी खारघरपर्यंत मान्य करते. पण रविवारी काम नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक मेलं तरी सोमवारी.

माझ्या दोन मैत्रिणी, शाळेपासूनच्या. एक बँकेत आहे. ती इथली कोकणातली ज्यू, तिचे निम्मे नातेवाईक इस्राएलला गेले आणि तिथून फोन करून विचारतात, "पनवेलला पाणी आलं का?" ती शनिवारी कामाला हात लावत नाही. दुसरी पनवेलजवळच्या नेरे गावची आगरीण. तिच्या घरच्यांची जमीन, तिचं फार्महाऊस, तिची मोठी गाडी आणि त्याहून मोठा आवाज. ती कुठल्याच वारी कामाला हात लावत नाही, आणि त्यासाठी तिला कुठल्या धर्माची गरज पडली नाही.

तिच्याच ओळखीने मला शेठचं काम मिळालं. शेठ म्हणजे मिठागरवाल्यांच्या घराण्यातला म्हातारा. उरण रस्त्याला त्याचं मच्छीचं हॉटेल उघडणार होतं, एवढं मोठं, की एका टोकाला सांगितलेलं कालवण दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गिऱ्हाईकाची मुंज व्हावी. पाटी, लोगो, मेन्यू कार्ड, पोऱ्यांच्या टोप्या, सगळं मीच करायचं होतं. हे काम जमलं असतं तर माझी वाढदिवसांतून कायमची सुटका होती. तशी दोन-तीन हॉटेलवाली मंडळी शेठची पाटी कशी होते, ते बघायला टपून बसली होती.

शेठची अट एकच. "बाय, पाटीवरचा पडदा पडंपरत मासा कोनाला दिसता कामा नये. नजर लागतं. दिसला का काम माझ्या पुतन्याला. तो मोबाईलवर करतंय."

पुतण्या मोबाईलवर करतो म्हणजे काय करतो, हे मी पाहिलं होतं. त्याने आपल्या लग्नपत्रिकेवर गणपतीच्या मागे हेलिकॉप्टर लावलं होतं.

लोगोसाठी मी पापलेट काढलं. शेठ म्हणाला, "हा मेलाय." मी सुरमई काढली. "ही आजारी हाय." मी बोंबील काढला. शेठने माझ्यासाठी चहा मागवला. माणूस एखाद्याच्या घरी सांत्वनाला जातो तेव्हा जसा चेहरा करतो, तसा त्याचा चेहरा होता. "शुक्रवारला शेवटचा बगतो," तो म्हणाला.

दोन्ही मैत्रिणी माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. मैत्रिणींना दाखवणं म्हणजे कोणाला दाखवणं नव्हे, अशी मी मनाशी व्याख्या केली.

"जिताडा काड गो, आपल्या तल्यातला," आगरीण म्हणाली. "आमच्यात सोयरीक जमवायची तर जिताडा न्यावा लागतंय. तू मुंबईची मासली काडतंस, शेठला काय आपुलकी वाटंल?"

"आणि खवले काढ," बँकवाली म्हणाली. "खवले नसलेला मासा आमच्यात चालत नाही."

"तुला कोण खायला घालतंय?" मी म्हणाले. "हा लोगो आहे."

"लोगो असला म्हणून काय झालं? निदान खावासा तरी वाटू दे."

मी जिताडा काढला. खवले काढले, एकेक, सोनारासारखे. शरीर झालं, शेपटी झाली, पण तोंड काही जमेना. त्याच्या चेहऱ्यावर कधी तलाठी यायचा, कधी माझे सासरे. गुरुवार उजाडला तरी जिताडा माझ्याकडे सातबारा मागत असल्यासारखाच बघत होता.

तेव्हा मी जे आमच्यात कोणीही करेल ते केलं. चर्चच्या भगिनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकली. आमच्या मंडळीत सर्दी झाली तरी विनंती टाकतात आणि गुडघा बदलायचा असला तरी. मी लिहिलं, "एका महत्त्वाच्या कामासाठी प्रार्थना करा."

पाच मिनिटांत सचिव मावशींचा फोन. मावशी निवृत्त शिक्षिका आहेत आणि देवाकडेही हजेरीपट घेऊन जातात.

"कसलं काम?"

"मावशी, सांगता येत नाही. गुप्त आहे."

"अगं, मोघम प्रार्थना वर पोचते, पण वाटेत रेंगाळते. नेमकं सांगावं. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आपण अवयव सांगतो की नाही?"

"तोंड," मी म्हणाले. "माशाचं तोंड जमत नाहीये."

"मग मासा पाठव."

आणि मी पाठवला, शेठच्या नावासकट! मला लोक हुशार म्हणतात. मी स्वतःही बऱ्याच ठिकाणी म्हटलेलं आहे.

पुढच्या तासात अख्ख्या भगिनी मंडळाने शेठच्या जिताड्यासाठी प्रार्थना केली, आणि प्रार्थना करता करता सूचनाही केल्या. एक म्हणाली, डोळा वाईट नजरेचा आहे. दुसरी म्हणाली, पोटात बायबलमधला, माशाने गिळलेला योना दिसला तर देवाची साक्ष होईल. चर्चच्या पाळकबाईंनी विचारलं, शेपटी जराशी क्रुसासारखी करता येईल का, कोणाला कळणार नाही. तिसरीने फक्त लिहिलं, "आमेन. हा किलोला कसा?"

मी चिडून फोन उलटा ठेवला आणि रागारागाने एका फटक्यात तोंड काढलं. जिताडा हसला! म्हणजे दात काढून नव्हे. समोरच्याचं सगळं गुपित ठाऊक असून जेवायला बोलावणाऱ्या माणसासारखा हसला. हे देवाने केलं, का रागाने, का मावशींनी, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मावशींचं मत तुम्हाला कळलंच असेल.

शुक्रवारी शेठने मासा पाहिला. मांडीवर थाप मारली आणि बायकोला हाक मारली, "अगो, हा बग. हा आपल्या तल्यातला हाय."

काम झालं. पाटी बनवायला गेली आणि आठवड्याभरात पडद्याआड हॉटेलवर चढलीही. मी देवाचे आभार मानले, मैत्रिणींना बिर्याणी खाऊ घातली आणि पहिल्यांदाच वाढदिवसाच्या एका फ्लेक्सला नाही म्हणाले.

पण प्रार्थनेला पाय असतात. आमच्या ग्रुपवरची विनंती उरणच्या भगिनींकडे गेली, चित्रासकट. त्यांच्यातली एक नर्स आहे. ती ज्या दवाखान्यात काम करते तिथे शेठची बायको रक्तदाब तपासायला जाते. नर्सबाईने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि मायेने म्हणाली, "काकी, काळजी करू नका. आम्ही सगळ्याजणी तुमच्या माशासाठी प्रार्थना करतोय."

त्या दिवशी काकींचा रक्तदाब किती निघाला ते मी सांगत नाही. यंत्र दुरुस्तीला गेलं असं ऐकलं.

शेठचा निरोप आला: ताबडतोब ये. शनिवार होता, पण बँकवालीने सांगितलं की मैत्रिणीबरोबर जाऊन बसणं हे काम नव्हे. आगरिणीने गाडी काढली आणि वाटेत तिने माझ्यासाठी खोटं तयार केलं. खोटं कसलं, इमारतच ती! फोन चोरीला गेला, चोर पकडला, चोराची बायको भगिनी मंडळात.

"हे कोण मानेल?" बँकवाली म्हणाली. "त्यापेक्षा विचारतील तेवढंच उत्तर दे. जास्त बोलू नको."

"हिला? जास्त नको? त्यापरीस चोर बरा."

आता गप्पांमध्ये मी एका माशाचे पन्नास करते. त्याला मी खोटं मानत नाही, ती सजावट. पण समोर बसून सरळ प्रश्न विचारणाऱ्या माणसाला फसवायचं, ही खोटी साक्ष. आणि दुसऱ्या दिवशी रविवार. आदल्या दिवशी फसवून सकाळी दुसऱ्या ओळीत उभी कशी राहणार? कावळ्यांनाही तोंड दाखवता आलं नसतं.

शेठ झोपाळ्यावर बसला होता. काकी दारात. पुतण्या कोपऱ्यात मोबाईल चार्ज करत होता, ते मला अजिबात आवडलं नाही.

"किती जनींनी बगितला?" शेठने विचारलं.

आगरिणीने खाकरून सुरुवात केली, "शेठ, त्याचा असा झाला, एक चोर..."

"आमच्या अख्ख्या भगिनी मंडळाने," मी म्हणाले. "मीच पाठवला. मग उरणच्या भगिनींनी. अलिबागलाही पोचला असेल. तिथे माझी मावससासू आहे आणि ती काहीच स्वतःजवळ ठेवत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न वाढवता बोलले आणि तेच सगळ्यात अचाट वाटलं. आगरिणीने कपाळाला हात लावला.

"नजर लागली," शेठ म्हणाला. झोपाळा थांबला. "झाला. पाटी उतरवा." पुतण्याने चार्जर काढला.

तेवढ्यात काकी म्हणाल्या, "थांबा जरा. बाय, त्यांनी बगून काय केला?"

"प्रार्थना केली, काकी."

"डोले उगडे ठेवून?"

"नाही. आम्ही मिटूनच करतो."

"खरं आहे," बँकवाली पुढे सरकली. "हिच्या लग्नात यांची प्रार्थना इतकी चालली, की डोळे उघडेपर्यंत मांजराने केक संपवला."

काकी शेठकडे वळल्या. "मंग? मिटल्या डोल्यांनी नजर कशी लागंल?"

इथे गप्प बसायचं होतं. आगरिणीने माझ्या पायावर पाय ठेवून तसं कळवलंही, आणि तिचा पाय म्हणजे पाय नव्हे, तालुका. पण मी म्हणाले, "काकी, आधी उघड्या डोळ्यांनी पाहिला. मग मिटले."

काकींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग मागनं मिटले ना?" त्या म्हणाल्या. "लागली असंल ती उतरली. आपन एक बाई आनून मीठमिरच्या उतरवतो. हिने फुकट येवढ्या बाया लावल्या."

शेठने विचार केला. मिठागरवाल्याला एवढं मीठ वाचलेलं पटलं असावं. "चालंल," तो म्हणाला. "पन त्या सगल्या बाया उद्‌घाटनाला पायजेत. पडदा पडंल तवा डोले मिटून. रविवार, सकालचा म्हूर्त."

"सकाळी नाही जमणार," मी म्हणाले. "उपासना असते."

आता बँकवालीनेही कपाळाला हात लावला. पुतण्याने चार्जर पुन्हा हातात घेतला. त्या चार्जरइतकी दगदग त्या घरात कोणाचीच झाली नाही. पण शेठ मात्र चक्क खूश दिसला. "कामासाठी तुझ्या देवाला टांग मारली असतीस, तर तो माझा काय ऐकनार होता? भटजीला सांगतो, दुपारचा काड."

पुढच्या रविवारी उपासना सुटली आणि अख्खं भगिनी मंडळ ठेवणीतल्या साड्यांत टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चढलं. मुहूर्तावर आमचा विश्वास नाही, असं मावशींनी वाटेत सगळ्यांना बजावलं. जेवणावर आहे.

भटजींनी नारळ फोडला. मग शेठने पडद्याची दोरी हातात घेतली आणि मावशींना खूण केली. माना खाली गेल्या. मावशींनी बायबलच्या पहिल्या पानापासून, उत्पत्तीपासून सुरुवात केली. देवाने समुद्र निर्माण केला, त्यात मासे निर्माण केले. मग नोहा आला, योना आला, येशूचा कोळी शिष्य पेत्र आणि त्याचं जाळं आलं, पाच भाकरी आणि दोन मासे आले. आत रस्सा आटत होता. मध्येच कुठेतरी दोरीचा खर्रर्र आवाज झाला आणि पडदा पडला.

माझी पाटी! माझ्या आयुष्यातली पहिली पाटी जिच्यावर कोणाचा वाढदिवस नव्हता, आणि मी डोळे मिटून उभी! मावशी अजून पेत्राबरोबर गालील समुद्राच्या किनाऱ्यावर होत्या. मी म्हटलं, प्रभू, एकच डोळा. आणि उघडला.

जिताडा वर उन्हात झळकत होता. प्रत्येक खवला वेगळा. काय सांगू, सूर्य त्याच्यापुढे कमी वॉटचा वाटत होता.

मग डोळा हळूच बाजूला फिरवला. पाळकबाईंचा एक डोळा उघडा. नर्सबाईचा एक उघडा. ओळीच्या ओळ, अख्खं भगिनी मंडळ एकेक डोळा उघडून पाटी न्याहाळत होतं, आणि खुद्द मावशी एक डोळा माशावर ठेवून पेत्राला हाका मारत होत्या. त्या सगळ्या गर्दीत दोन्ही डोळे घट्ट मिटलेले तिघेच. हात जोडलेला शेठ, आणि माझ्या दोन मैत्रिणी. एकमेकींचा हात धरून, दात आवळून, श्वास रोखून, अशा मिटलेल्या की पापण्यांना वळ उठावेत.

मी मुकाट्याने माझा डोळा मिटला. आमेन झाल्यावर शेठने विचारलं असतं, तर मी खरं तेच सांगितलं असतं, देवाशपथ. पण त्याने विचारलं फक्त एवढंच, "बाय, भाकरी का भात?"

"दोन्ही," मी म्हणाले.