नऊनं भाग जातो

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्या वर्षी आम्हा अंबरपेठच्या मराठी पोरांना उर्दू शाळेतून काढून बरकतपुऱ्याच्या मराठी वर्गात कोंबलं. तिथला गणिताचा मास्तर पुण्याहून आलेला. आमचं बोलणं ऐकून नाक मुरडायचा. त्याचं नाव काढलं तरी आजही माझं डोकं फिरतं.

एकदा त्यानं फळ्यावर २१४७४८३६४७ लिहिलं. म्हणाला, "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला दुसऱ्या कशानंही भाग जात नाही."

मी अंकांची बेरीज केली आणि उठलो. "जातो की सर. बेरीज चौपन्न येते. नऊनं भाग जातो."

"सेहेचाळीस येते, गाढवा!"

उर्दूतला नऊ देवनागरीतल्या एकासारखा दिसतो. मी एकाला नऊ वाचलं होतं. "नवाबी गणित!" तो ओरडला, आणि अख्खा वर्ग माझ्यावर हसला.

"मग भाग जात नाही हे तुम्ही कसं ठरवलं?" मी विचारलं.

"पुस्तकात छापलंय. बस खाली."

ती संख्या म्हणजे दोनाचा एकतिसावा घात वजा एक. तिला भागणारी दुसरी कुठली संख्या असलीच, तर त्या भाजकाला बासष्टनं भागल्यावर बाकी एकच उरावी लागते, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. नऊ त्यात बसतच नाही, आणि तपासायला थोडेच भाजक उरतात. एवढी एक ओळ फळ्यावर लिहून त्याला माझं तोंड बंद करता आलं असतं. पण ती त्याला येत नव्हती. त्याला आकडे वाचता येत होते, बस, एवढंच.