वजनाचा रकाना

कंधारकर काका गेल्याचं मला कोणी कळवलं नाही. मीच त्यांना फोन लावला होता, तोही माझ्याच कामासाठी. सकाळी केंद्र उघडल्या उघडल्या फॉर्ममधला एक रकाना सिस्टरच्या स्क्रीनवर दिसेना, माझ्या स्क्रीनवर मात्र दिसत होता. बाहेर लेकरं घेऊन आईबाप ताटकळलेले, सिस्टर माझ्या डोक्यावर उभी. अशा वेळी माझा हात आपोआप त्यांच्याच नंबरवर जायचा. फोन त्यांच्या मुलीने, स्वातीने उचलला. मी नमस्कार-चमत्कार काही न करता सुरूच झाले, "काका, तो रकाना बघा की..." ती मध्येच म्हणाली, "मंगलताई, बाबा गेले. चार दिवस झाले." मी म्हणाले, "कुठं?" ...खरंच असं म्हणाले मी. अजून आठवलं की स्वतःची लाज वाटते.

त्याच्या आठवडाभर आधीच आमचं बोलणं झालं होतं. काम संपल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, "आणखी काही सांगायचंय का?" आणि मीही नेहमीप्रमाणे म्हणाले होते, "न्हाई काका." मग "बरं, ठेवू?" आणि फोन बंद. गेली दोन वर्षं प्रत्येक फोनचा शेवट असाच होत होता. ती त्यांची बोलायची लकब आहे असं मी धरून चालले होते. म्हणजे, तसं धरून चालणं मला सोयीचं होतं.

मी लातूरच्या एका रक्त केंद्रात नोंदणीचं काम करते. केंद्राला लागूनच एक लहान वॉर्ड आहे, तिथे थॅलेसेमियाची लेकरं येतात. त्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पाळी चुकली की लेकरू डोळ्यांदेखत सुकत जातं. पूर्वी देवणीकडून, रेणापूरकडून माणसं पहाटे निघून यायची आणि त्या दिवशी नेमकं त्या गटाचं रक्त नसायचं. तशीच परत जायची. हे बंद केलं कंधारकर काकांनी. काका नांदेडचे. सगळी नोकरी एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये गेलेली; कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे रजिस्टरात मांडत. निवृत्तीनंतर लेकीने त्यांना कोड न लिहिता, नुसते रकाने आणि नियम जोडून अ‍ॅप कसं बांधतात ते दाखवलं. काका म्हणे चष्मा पुसून बोलले, "अगं, हे तर वेळापत्रकच हाय." आणि साठीत माणूस नव्या धंद्याला लागला.

आमचं अ‍ॅप त्यांनीच बांधलं. रोज सकाळी सात वाजता ते परवा कोणाची पाळी आहे आणि त्यांच्या गटाचं रक्त आहे का ते बघायचं, यादीतल्या पहिल्या नावापासून एकेकाच्या घरी मेसेज पाठवायचं आणि त्या लेकराच्या नोंदीवर 'पाठवला' अशी खूण करून पुढच्या नावाकडे जायचं. काकांनी वॉर्डात बसून प्रत्येक आईबापाला बजावलं होतं, "मेसेज आला की निघा. नाही आला तर उगं फेरा मारू नका, रक्ताची सोय झाली नाही असं समजा." लोकांनी ते मनावर घेतलं. मेसेजवर लोकांचा इतका भरवसा बसला की तारखेची पुस्तिका कोणी उघडून बघेना.

आता आमच्या भांडणांचं सांगते, कारण ती रोज व्हायची. मी तोंडाची फटकळ, आणि काका भलतेच चिकट. कुठलाही बदल करायचा तर आधी वहीत लिहायचं: काय बदललं, का बदललं, आधी काय होतं, कोणी बदललं, किती वाजता. एका वेळी एकच बदल. मग नवी नोंद करून बघायची, जुनी एखादी उघडून जतन होते का बघायचं, आणि हे सगळं सिस्टरच्या लॉगिनने बघायचं. "अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं," ते म्हणायचे, "म्हणून त्याला काहीच कळत नाही." रकाना नको असला तर तो पुसायचा नाही, आधी महिनाभर नुसता लपवायचा, कोणी ओरडतंय का बघायचं. मी म्हणायचे, "काका, तुमच्या वहीपायी माझं काम थांबून राहिलंय." ते म्हणायचे, "सबर धर बाई. गाडी फलाटावरून हलवायच्या आधी मागं बघत्यात का नाही?" एका गोष्टीत मात्र केंद्र चालवणाऱ्या संस्थेपुढे त्यांचं काही चाललं नाही. लॉगिन मोजकीच होती, म्हणून सेटिंग बदलायला आम्ही सगळे काकांचंच लॉगिन वापरायचो. पासवर्डची चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात आतून चिकटवलेली होती. त्यांनी ती दोनदा फाडली आणि दोनदा मी नवी लावली.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी डॉक्टर माझ्यावर उखडले. रक्त किती चढवायचं ते लेकराच्या वजनावर ठरतं, आणि दोन फॉर्मांत वजनच लिहिलेलं नव्हतं. भरल्या वॉर्डासमोर त्यांनी मला झाडलं. मी तणतणत टेबलाशी आले, काकांच्या लॉगिनने सेटिंग उघडलं आणि वजनाचा रकाना सक्तीचा करून टाकला. आता बघते कोण रिकामा सोडतंय! एक नवी नोंद करून पाहिली, झाली. वहीत लिहिलं नाही. जुनी नोंद उघडून पाहिली नाही. काका तेव्हा नांदेडहून लातूरला यायला निघालेले होते. एवढ्याशा कामासाठी त्यांना कशाला फोन करायचा, असं मनात आलं. दुपारी ते आले, आम्ही चहा प्यालो, आणि मी विसरूनही गेले.

पुढच्या आठवड्यात वॉर्डात गर्दी जरा कमी वाटत होती. "बरंय, जरा दम खायला मिळतोय," असं मी सिस्टरला म्हणालेसुद्धा. त्यानंतर एका दुपारी देवणीजवळच्या एका खेड्यातून सुमनबाई जीप करून आल्या. सात वर्षांची गौरी त्यांच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. ओठ पांढरेफटक, श्वास भात्यासारखा. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि ते ओरडतच आत पळाले. सुमनबाई माझा हात धरून म्हणत होत्या, "ताई, मेसेजच न्हाई आला. आम्ही वाट बघून राहिलो. काका म्हनले हुते, मेसेज आल्याबिगर निघू नगा... म्हून बसलो आम्ही." रक्त चढायला लागलं तरी पोर डोळे उघडेना, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठोके देत होती: हिला नाही गेला, तर आणखी किती जणांना नाही गेला?

काका त्या दिवशी लातुरातच होते, रिक्षा करून आले. कपाळावर घाम, पण आवाज केबिनमधला. "बंद आहे का अधूनमधून चालतंय?" मी म्हणाले, "काहींना गेलाय, काहींना नाही." "मग कशालाही हात लावू नकोस. आधी ज्यांना गेला आणि ज्यांना नाही गेला, त्यांच्यात फरक काय ते बघ." आम्ही दोघं एकेका दिवसाची यादी काढून बसलो. रोज पहिल्या काही नावांना मेसेज गेलेला, मग एका नावाशी थांबलेलं, आणि तिथून खाली कोणालाच नाही. "घाटात एक गाडी बंद पडली की मागच्या साऱ्या अडकत्यात, तसं झालंय," काका म्हणाले. "अडकलेल्या पहिल्या गाडीत बिघाड काय ते बघू." त्यांनी त्या नावाची नोंद उघडली, काही न बदलता नुसती जतन करायला गेले. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: वजन भरणे आवश्यक.

जुन्या लेकरांच्या नोंदी कागदावरून चढवलेल्या, कितीतरींचं वजन रिकामं. अ‍ॅप तिथे 'पाठवला' ची खूण करायला जायचं, सक्तीचा रकाना अडवायचा, आणि सगळी यादी तिथेच मरायची. गौरीचं वजन तर लिहिलेलं होतं हो. तिच्या वरच्या एका नावाचं नव्हतं, एवढंच. काकांनी सक्ती काढली. मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं राहिलेल्या एकेका घरी फोन करत बसलो. कोणी शेतात, कोणी लग्नात, एकाचा फोन लागेचना. त्या लेकरासाठी काकांनी त्या गावच्या एसटीच्या कंडक्टरला निरोप धाडला. सगळी लेकरं आली. गौरीने दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं, तेव्हा मी संडासात जाऊन ढसाढसा रडले.

चार दिवसांनी संस्थेच्या समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी बदलांचा इतिहास भिंतीवर दाखवायला लावला. तिथे लख्ख दिसत होतं: वजनाचा रकाना सक्तीचा, सकाळी नऊ चाळीस, आणि पुढे काकांचं नाव. "हे तुम्ही केलंत?" अध्यक्षांनी विचारलं. मी दाराजवळ उभी होते. बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं... पण माझी नोकरी, घरी दोन लेकरं, त्या खोलीतले चेहरे, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी ते मिटून घेतलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझ्या लॉगिनवर झालं, म्हणजे माझंच. आणि यादी थांबली तर कोणाला कळवायचं, ही सोय मी केलीच नव्हती. चालू हाय हे सांगणारं सगळं बांधलं, बंद पडलं हे सांगणारं राहिलं. ती चूक तर नक्की माझी." समितीने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाण्याआधी त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि त्या दिवसात दोनच कामं केली. प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. आणि रोज सकाळी यादी संपली की, किती मेसेज गेले, किती अडकले, याचा एक मेसेज माझ्या आणि त्यांच्या फोनवर येईल असं केलं.

त्यानंतर ते केंद्रात कधी आले नाहीत. फोन मात्र मी केला की दुसऱ्या घंटीला उचलायचे. दोन वर्षं मी त्यांच्याकडून फुकट शिकले, आणि दर वेळी "आणखी काही सांगायचंय का?" याला "न्हाई" म्हणाले.

तेराव्याला मी नांदेडला गेले. स्वाती म्हणाली, "रोज सातनंतर बाबांच्या फोनवर तुमचा मेसेज येतो. बंद करायला आमचा हात धजेना." मग तिने ती वही माझ्या हातात दिली. "तुमच्या केंद्राची आहे, बाबांनी वर नाव लिहून ठेवलंय तुमचं." एसटीच्या परतीच्या प्रवासात, लोह्याच्या पुढे कुठेतरी मी ती उघडली. त्या दिवसाचं पान होतं. काय बदललं: वजनाचा रकाना सक्तीचा. किती वाजता: नऊ चाळीस. त्याखाली बारीक अक्षरात: 'मी तेव्हा अहमदपूर स्टँडवर, गाडीत.' आणि 'कोणी बदललं' याच्यापुढे पेन्सिलीने एकच शब्द... 'सांगेल.'

म्हणजे बिघाड सापडला त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. आणि प्रत्येक फोनला ते मला दार उघडून देत होते, आणि मी करंटी दर वेळी बाहेरच उभी राहत होते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. मला खाली उतरवेना.

अध्यक्षांना मी लेखी दिलं. ते काय करायचं ते करतील. पण आधी सुमनबाईंना सांगायचं होतं. गेल्या आठवड्यात गौरीची पाळी होती. नऊ वर्षांची झाली ती, दोन वेण्या घालून आली होती. मी सुमनबाईंना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "काकांस्नी मी लई बोलले हुते ताई. फोनवर. मानूस एक सबूद बोलला न्हाई." पदराने तोंड पुसलं. मग उठल्या, गौरीला हाताला धरून वजनकाट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वजन लिवा."

मी लिहिलं. मग वही उघडली. काकांची पेन्सिल मी खोडली नाही. शेजारी शाईने माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्यांच्या 'सांगेल' च्या खाली लिहिलं, 'सांगितलं.'