साडेचार ग्रॅम
मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या कॉलेजच्या भिंतींनाही ठाऊक आहे. बायको गेल्यापासून ती जरा जास्तच चालते. धायरीच्या फ्लॅटवर बोलायला कोणी नाही, मग दिवसभराचं साचलेलं सगळं वर्गावर निघतं.

त्या दिवशी प्रयोगशाळेतले सहायक रजेवर होते. अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं द्रावण मीच करायला घेतलं. इतक्या वर्षांची सवय, कागद कशाला घ्यायचा? हिशेब मनातच केला आणि लिटरभर द्रावणासाठी साडेचार ग्रॅम तोलले.

या प्रयोगात ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. दहा मिलिलिटर पडले की फ्लास्कमधल्या अ‍ॅसिडच्या द्रावणाला फिकट गुलाबी रंग येतो. हे ‘दहा’ पोरांना आधीच पाठ असतं, कारण वरच्या वर्गाची जर्नलं खाली झिरपतात. त्या दिवशीही बावीस जणांचं दहाच आलं. फक्त वाघोलीहून दोन बस बदलून येणाऱ्या एका मुलीने सात पूर्णांक एक लिहिलं होतं.

“वा! वाघोलीला रसायनशास्त्र वेगळं असतं का हो?” मी विचारलं. वर्ग खिदळला.

“सर, तीनदा केलं. तेवढ्यालाच रंग येतोय.”

मी तिच्या पानावर लाल रेघ मारली आणि ‘पुन्हा करा’ असं लिहिलं.

संध्याकाळी भात लावला. एकट्यापुरतं पाणी किती घालायचं हे मला अजून जमत नाही. भात पुन्हा गिचका झाला. पाण्याच्या नावाने चरफडत वाढून घेत होतो, आणि हातातला डाव तसाच राहिला. पाणी! बाटलीतल्या त्या स्फटिकांत अ‍ॅसिडच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात. त्यांचं वजन मी धरलंच नव्हतं. वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. सहा पूर्णांक तीन ग्रॅम हवे होते. साडेचार ग्रॅमला रंग येणार तो सात पूर्णांक एकलाच.

बावीस जणांनी मला हवं ते लिहिलं होतं, आणि तिने एकटीने जे दिसलं ते. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. कितीतरी दिवसांत मी केलेल्या कशाकडे कोणी इतकं नीट पाहिलं नव्हतं. हे कोणाला तरी सांगावं म्हणून फोन उचलला. कोणाला लावायचा ते सुचेना, म्हणून ठेवून दिला.

सकाळी लवकरच निघालो. माफीचं वाक्य बसमध्ये दोनदा घोकलं. प्रयोगशाळेच्या दारातच ती जर्नल घेऊन उभी होती, मागे तिच्या वर्गातली आणखी चारपाच जणं. जुनं पान फाडून तिने नवीन लिहून आणलं होतं. तिन्ही रीडिंग दहा.

“अहो, तुमचं सातच बरोबर होतं,” मी म्हणालो. “चूक माझी झाली.”

नवा टोमणा समजून मागची पोरं कालच्यासारखीच खिदळली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“सॉरी सर,” ती म्हणाली. “पुन्हा नाही होणार.”